डोळ्यामागची कळ

डोकें दुखणें ही गोष्ट संसारांत इतकी परिचयाची आहे कीं, तिला व्याधीचा मान द्यावयास कोणी सहसा तयार होत नाहीं. सुंठ उगाळून कपाळाला लेप घालावा, अंधाऱ्या खोलींत घटकाभर पडावें, फार झालें तर एखादी गोळी घ्यावी आणि संध्याकाळपर्यंत सारें विसरून जावें, असा घरोघरचा शिरस्ता. अर्धेंच डोकें दुखूं लागलें तर त्याला अर्धशिशी म्हणावें. घरगुती निदानाची मजल बहुधा येथेंच थांबते. परंतु डोकेदुखीचा एक प्रकार असा आहे कीं, लेप, अंधार आणि विश्रांति या तिहींनाहि तो दाद देत नाहीं.

रात्रीं झोंप लागून तास-दीड तास होतो न होतो तोंच एका डोळ्यामागें, तापलेली सळई खुपसावी तशी कळ उठते. तो डोळा लाल होतो, त्यांतून पाणी गळूं लागतें, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते किंवा वाहूं लागते, पापणी खालीं ओघळते, बाहुली बारीक होते. अर्धशिशीचा रोगी निपचित पडून राहतो. या रोग्याला एक क्षण स्वस्थ बसवत नाहीं. तो येरझारा घालतो, डोळा तळहातानें दाबून धरतो, प्रसंगीं भिंतीवर डोकें आपटतो. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत हा प्रकार चालतो आणि मग आला तसा ओसरतो. सकाळीं आरशांत पाहावें तर डोळा स्वच्छ, चेहरा पूर्ववत्. दुसऱ्या रात्रीं त्याच घटकेला तीच कळ, आणि तीहि त्याच बाजूला. कोणाला दिवसाआड एक झटका, कोणाला दिवसांतून आठ. असे कांहीं आठवडे, कधीं दोन-तीन महिने जातात, आणि नंतर महिनेच्या महिने, कधीं वर्ष-दोन वर्षें, कांहींच नसतें. शेंकडा दहा-पंधरा रोग्यांना मात्र हा मोकळा काळ लाभतच नाहीं.

इंग्रजींत या व्याधीला क्लस्टर हेडेक म्हणतात. द्राक्षांच्या घोसाप्रमाणें झटके एकत्र लगडून येतात, म्हणून हें नांव. हजारांत सुमारें एका माणसाला आयुष्यांत ती गांठते, म्हणजे ती अगदीं दुर्मिळहि नव्हे. तथापि तिच्या इतिहासांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, तिचा शोध एकदां लागला असें म्हणतां येत नाहीं. तो अनेकदां लागला आणि जवळजवळ तितक्याच वेळां हरवला. झटका गेल्यावर शरीरावर ती कांहीं खूण ठेवीत नाहीं. वैद्यापुढें रोगी येतो तेव्हां दाखवावयाला त्याच्याजवळ ना सूज असते, ना ताप. पुरावा काय तो एकच : वेळ. ज्या वैद्यानें घड्याळाकडे लक्ष दिलें त्याला रोग दिसला. बाकीच्यांना फक्त कुरकुरणारा मनुष्य दिसला.

रेंब्रांट या डच चित्रकाराचें १६३२ सालचें एक चित्र जगप्रसिद्ध आहे. काळ्या पोषाखांतील एक वैद्य प्रेताच्या हाताचे स्नायु चिमट्यानें उचलून भोंवतालच्या मंडळींस दाखवीत आहे. हा वैद्य म्हणजे ॲम्स्टरडॅमचा निकोलास टुल्प. पुढें तो त्या शहराचा नगराध्यक्षहि झाला. १६४१ सालीं त्यानें आपल्या अनुभवांतील रोग्यांच्या हकीकती लॅटिन भाषेंत प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका रोग्याचें डोकें उन्हाळ्याच्या आरंभीं रोज ठराविक वेळीं दुखूं लागे आणि ठराविक वेळीं थांबे. वेदना दोन तासांहून अधिक क्वचितच टिके. पण तेवढ्या अवधींत ती अशी असे कीं, आतां आपण वांचत नाहीं असें तो टुल्पला पुन्हां पुन्हां सांगे. उरलेल्या दिवसांत ताप नाहीं, नाडींत दोष नाहीं, लघवींत विकार नाहीं. चौदा दिवस असें चाललें, शेवटीं नाकावाटे पुष्कळ स्राव गेला आणि मनुष्य मोकळा झाला. नाडी, ताप, लघवी हीं सर्व तपासून कांहीं हातीं लागलें नसतांहि टुल्पनें रोग्याला खोटें ठरविलें नाहीं. वेळ लिहून ठेवली. त्या काळच्या वैद्यकांत याहून अधिक करण्याजोगें फारसें नव्हतें, आणि पुढच्या तीनशें वर्षांत पुष्कळांनीं याहून कमी केलें.

टुल्पनंतर शंभर वर्षांनीं दुसरा साक्षीदार भेटतो. लायडनच्या बोअरहाव्ह या विख्यात गुरूनें आपली विद्या सूत्ररूपानें सांगून ठेविली होती, आणि त्याचा शिष्य जेरार्ड फान स्वीटन यानें त्या सूत्रांवर भाष्य रचण्यास घेतलें होतें. आपल्याकडील शास्त्रग्रंथांची रीत ठाऊक असणारास ही परंपरा ओळखीची वाटेल. १७४५ सालीं फान स्वीटन हा मारिया तेरेसा या राणीचा राजवैद्य होऊन व्हिएन्नास गेला. त्याच वर्षाच्या भाष्यखंडांत एका धडधाकट मध्यमवयीन पुरुषाचें वर्णन आहे. रोज एकाच वेळीं, डाव्या डोळ्याच्या खोबणीवर, जेथें कपाळाच्या हाडांतून मज्जातंतु बाहेर पडतो नेमक्या त्याच जागीं, कळ सुरू होई. थोड्याच वेळांत डावा डोळा लाल होऊन पाणी वाहूं लागे. मग डोळा खोबणींतून हळूहळू बाहेर ढकलला जात आहे असें वाटे, आणि वेदनेनें मनुष्य वेडा होण्याच्या बेतास येई. कांहीं तासांनीं सारें थांबे आणि डोळ्यांत यत्किंचितहि फरक दिसत नसे. शेवटचा हा तपशील फान स्वीटननें मुद्दाम नोंदला आहे. याच वैद्यानें पुढें १७५५ सालीं मोराव्हियांतील रक्तपिपासु पिशाच्चांच्या अफवांवर अहवाल लिहून त्या सर्व भ्रामक ठरविल्या. डोळ्यांस न दिसणाऱ्या पिशाच्चावर त्याचा विश्वास नव्हता. डोळ्यांस न दिसणाऱ्या वेदनेवर मात्र त्यानें विश्वास ठेवला.

ही दोन्ही वर्णनें ग्रंथांत पडून राहिलीं. डोकेदुखीच्या प्रकारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी १९८८ सालीं ठरली, आणि त्यानंतर १९९३ सालीं एका डच अभ्यासकानें टुल्पची, तर एका स्विस मज्जातज्ज्ञानें फान स्वीटनची हकीकत उजेडांत आणली. १७४५ सालचें वर्णन नव्या वर्गवारीच्या कसोट्यांना जसेंच्या तसें उतरलें!

डोकेदुखी वेळेवरून ओळखण्याची कल्पना भारतीय वैद्यकालाहि नवी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांपैकीं अर्धावभेदक दहा दिवसांनीं किंवा पंधरवड्यानें उठतो. सूर्यावर्त हा सूर्य वर चढेल तसा डोळ्याभोंवतीं व भुंवईंत चढत जातो आणि सूर्य कलला म्हणजे उतरूं लागतो. सूर्यावर्त म्हणजेच हा रोग, असें म्हणण्याचा मोह कांहींना होतो. तो आवरलेला बरा. क्लस्टरची कळ दिवसाहि येते, परंतु तिचा ओढा रात्रीकडे. सूर्याच्या गतीशीं ती आपलें गणित असें सरळ जुळवीत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या रोगाला नांवांची वाण पडली नाहीं. बर्लिनच्या रोंबेर्गनें त्याला नेत्राच्या मज्जातंतूची वेदना म्हटलें. ऑयलेनबुर्ग यानें रक्तवाहिन्या शिथिल पडून होणारी अर्धशिशी ठरविलें. १९०८ सालीं अमेरिकेंत सेंट लुईस येथील स्लडर या नाकाच्या तज्ज्ञांनीं नाकामागील मज्जाग्रंथीला दोष दिला आणि तिला कोकेन लावून ती बधिर करण्याचा उपाय सुचविला. ज्यानें त्यानें आपल्या अवयवापुरता रोग पाहिला. रोगीहि तसाच फिरत राहिला : डोळ्यांच्या वैद्याकडून नाकाच्या वैद्याकडे आणि तेथून दंतवैद्याकडे. वरच्या जबड्यांतील निरोगी दाढा उपटल्या गेल्या, नाकाच्या पोकळ्या फोडून साफ केल्या गेल्या.

येथें या रोगाच्या एका कपटी गुणाकडे लक्ष द्यावयास हवें. झटका तासा-दोन तासांत आपोआप थांबतो आणि हंगामहि कांहीं आठवड्यांनीं आपोआप संपतो. रोगी बहुधा हैराण झाल्यावर, म्हणजे हंगाम ओसरूं लागण्याच्या सुमारास, वैद्याकडे पोहोंचतो. सहाव्या आठवड्यांत दाढ काढली आणि सातव्या आठवड्यांत कळ थांबली कीं, यश दाढ काढणाऱ्याचें! पुढच्या वर्षीं कळ परत येते, त्या वेळीं दुसरी दाढ जाते. निरुपयोगी उपायाला कीर्ति मिळवून देण्यांत या रोगाचा हात धरणारा दुसरा रोग विरळा. पुढें जो जो उपाय निघाला त्याच्या गुणाविषयीं खात्री होण्यास इतका काळ लागला, याचें अर्धें कारण हेंच.

विसाव्या शतकांत धागे एकत्र येऊं लागले. लंडनचे विल्फ्रेड हॅरिस यांनीं १९२६ सालीं या व्याधीचें नेटकें वर्णन करून तिला अर्धशिशीच्या जातीची मज्जावेदना म्हटलें. परंतु हिचें नांव वैद्यकांत खरें गाजलें तें अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांतल्या मेयो क्लिनिकमुळें. तेथील बेयर्ड हॉर्टन यांनीं १९३९ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह या डोकेदुखीवर निबंध प्रसिद्ध केला. हॉर्टन हे रक्तवाहिन्यांच्या विकारांचे अभ्यासक. कानशिलाच्या धमनीच्या दाहाचें त्यांनीं १९३२ सालीं केलेलें वर्णनहि प्रसिद्ध आहे, आणि दोन्ही रोगांना त्यांचें नांव लागल्यामुळें पुढें युरोपांत बराच घोटाळा माजला.

हॉर्टन यांनीं आपल्या रोग्यांविषयीं लिहिलेला मजकूर वैद्यकीय निबंधांत सहसा आढळत नाहीं अशा स्पष्ट शब्दांत आहे. आठवड्यांतून दोनपासून वीसपर्यंत झटके येणारे हे लोक नेहमींच्या सर्व उपायांनीं थकले होते. त्यांतील कित्येक आत्महत्या करतील या भीतीनें त्यांच्यावर पहारा ठेवावा लागे. आणि आराम पडेल अशी आशा असेल तर कोणतीहि शस्त्रक्रिया करून घेण्यास बहुतेकांची तयारी असे. रोगी पडून न राहतां उठून बसतो, चालतो, हेंहि हॉर्टन यांनीं टिपलें. रोग्याच्या शेजारीं बसल्यावांचून हें कळण्यासारखें नव्हतें.

उपपत्तींत मात्र ते फसले. हिस्टमीन हें शरीरांतील द्रव्य टोंचलें असतां झटका उठवितां येतो असें त्यांस आढळलें. त्यावरून त्याच द्रव्याचे अत्यल्प डोस वाढवीत जाऊन शरीराला त्याची संवय लावावी असा उपचार त्यांनीं सुरू केला. रोगाला पुढें हिस्टमीन-डोकेदुखी हें नांवहि मिळालें. हजारों लोकांनीं हीं इंजेक्शनें घेतलीं. हंगाम आपोआप संपतो ही गोष्ट येथेंहि उपचाराच्या पथ्यावर पडली. नंतरच्या काळांत या उपचाराचा विश्वासार्ह गुण सिद्ध झाला नाहीं आणि तो मागें पडला.

लंडनच्या हॅरिस यांचा रोग आणि मेयोच्या हॉर्टन यांचा रोग एकच, हें स्वीडनमधील कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनीं १९४७ सालीं दाखविलें. झटके हंगामांत एकवटतात याकडेहि त्यांचें लक्ष होतें. १९५२ सालीं अमेरिकन मज्जातज्ज्ञ चार्ल्स कुंकल व त्यांचे सहकारी यांनीं याच एकवटण्यावरून क्लस्टर हा शब्द वापरला. हें नांव टिकलें, आणि तें टिकण्याचें कारण उघड आहे. डोळा, नाक, रक्तवाहिनी, हिस्टमीन असलें कोणतेंहि कारण तें गृहीत धरीत नाहीं. रोग काळांत कसा वागतो एवढेंच सांगतें. लंडनचे सर चार्ल्स सायमंड्स यांनीं तर १९५६ सालीं आपल्या निबंधाला ‘डोकेदुखीचा एक विशिष्ट प्रकार’ या अर्थाचा साधा मथळा दिला.

आतां औषधांकडे. राय नांवाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी पडते. तिच्यापासून बाझेल येथें आर्थर स्टोल यांनीं १९१८ सालीं अर्गोटमीन वेगळें काढलें. एकबोम यांनीं तें पोटांतून दिलें, सायमंड्स यांनीं इंजेक्शनानें. आणि झटका येण्याच्या आधीं, नेमानें दिल्यास तो टळतो असें सायमंड्स यांस आढळलें. वेळेवर येणाऱ्या शत्रूला वेळेआधीं गांठावयाचें, ही युक्ति सुंदर होती. परंतु अर्गोटमीन रक्तवाहिन्या आंखडवितें. हातापायांचा व हृदयाचा रक्तपुरवठा त्यानें बिघडूं शकतो, म्हणून तें दिवसचे दिवस देत राहतां येत नाहीं. त्याच कुळांतील मेथिसर्जाइड हें औषध १९५९ नंतर प्रचारांत आलें आणि पुष्कळांना त्यानें खरोखरच मोकळीक दिली. पण १९६६ सालीं बोस्टनचे जॉन ग्रॅहम यांनीं इशारा दिला कीं, दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या पोटामागच्या भागांत तंतुमय जाळें वाढून मूत्रवाहिन्या आवळल्या जातात. पुढें तें औषध बाजारांतून गेलें.

याच ग्रॅहम यांनीं १९७२ सालीं या रोग्यांच्या चेहऱ्याचें एक वर्णन केलें : जाड कातडी, खोल सुरकुत्या, रुंद हनुवटी, एकंदरींत सिंहासारखी मुद्रा असलेला पुरुष. मेथिसर्जाइडचा धोका ओळखणाऱ्या या चिकित्सकाचें हें दुसरें निरीक्षण तितकेंसें उपकारक ठरलें नाहीं. हा पुरुषांचा, तोहि रांगड्या पुरुषांचा, रोग अशी समजूत त्यानें बळावली. पुरुषांत हा रोग अधिक आढळतो हें खरें; पण पूर्वी एका स्त्रीमागें पांच-सहा पुरुष असें जें प्रमाण सांगत, तें अलीकडे तिनांच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं आलें आहे. रोग बदलला असें मानण्यापेक्षां, स्त्रियांच्या कळीला इतकीं वर्षें अर्धशिशी म्हणून वाटेला लावण्यांत आलें, हें अधिक संभवतें.

१९७४ सालीं एकबोम यांचे पुत्र कार्ल एकबोम यांनीं, मनोविकारांवर दिलें जाणारें लिथियम या व्याधीच्या अखंड प्रकारावर वापरून पाहिलें आणि तें उपयोगी पडलें. त्यानंतर व्हेरापॅमिल हें हृदयविकार व रक्तदाबावरील औषध आलें. २००० सालीं इटलींतील एका तुलनात्मक प्रयोगांत त्याचा गुण दिसला आणि हंगाम थोपविण्यासाठीं सध्यां बहुतेक ठिकाणीं प्रथम तेंच देतात. त्याचे डोस मोठे लागतात व हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊं शकतो, म्हणून मधून मधून हृदयाचा विद्युत्आलेख काढावा लागतो. औषध लागू पडेपर्यंतचे दिवस निभावून नेण्यास स्टेरॉइडच्या गोळ्या थोडा काळ देतात, किंवा डोक्याच्या मागच्या बाजूच्या मज्जातंतूपाशीं इंजेक्शन करतात.

पण हंगाम थोपविणें वेगळें आणि रात्रीं दोन वाजतां उठलेली कळ तेथल्या तेथें विझविणें वेगळें. गोळी पोटांत विरघळून रक्तांत मिसळेपर्यंत झटका आपलें काम उरकून निघून जातो. येथें जो उपाय सर्वांत सरस ठरला तो प्राणवायु होय, आणि त्याची कथा या सबंध इतिहासांत अधिक लांबलेली आहे.

उंचावरून उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना प्राणवायु पुरविण्यासाठीं मेयो क्लिनिकमध्यें १९३८ सालीं एक नव्या बांधणीचा मुखवटा तयार झाला. तेथीलच वॉल्टर अल्वारेझ यांनीं तो डोकेदुखीच्या रोग्यांना लावून पाहिला व १९३९ सालीं अर्धशिशीवरील प्राणवायूच्या उपचाराविषयीं लिहिलें. १९५० नंतरच्या दशकांत हॉर्टन यांनीं आपल्या रोग्यांना शुद्ध प्राणवायु दिला आणि झटका लवकर ओसरतो अशी नोंद केली. हिस्टमीनच्या उपचाराचा एवढा गाजावाजा करणाऱ्या या वैद्यानें प्राणवायूकडे जोडउपाय म्हणूनच पाहिलें. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षें कोणी त्याची नीट परीक्षा घेतली नाहीं.

ती घेतली कॅलिफोर्नियांतील ली कुड्रो यांनीं. १९८१ सालीं त्यांनीं ५२ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. मिनिटाला सात लिटर या प्रमाणांत पंधरा मिनिटें प्राणवायु घेतल्यानें शेंकडा ७५ रोग्यांना गुण आला. तथापि झटका आपोआपहि थांबतो ही शंका उरलीच. १९८५ सालीं फोगन या अमेरिकन मज्जातज्ज्ञांनीं १९ पुरुषांना आळीपाळीनें प्राणवायु व साधी हवा अशी दिली कीं, नळकांड्यांत काय आहे हें त्यांना कळूं नये. प्राणवायु सरस ठरला. शेवटीं लंडन येथें मोठ्या प्रमाणावर केलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. मिनिटाला बारा लिटर प्राणवायूनें पंधरा मिनिटांत शेंकडा ७८ झटक्यांत कळ थांबली किंवा पुरेशी कमी झाली. साध्या हवेनें शेंकडा २०. हवेनेंहि २० थांबावे, हा आंकडा दाढा उपटणाऱ्यांच्या यशाचें रहस्य सांगून जातो.

मधल्या काळांत १९९१ सालीं सुमाट्रिप्टन हें औषध आलें होतें. त्याचें सहा मिलिग्रॅमचें इंजेक्शन कातडीखालीं घेतलें असतां पंधरा मिनिटांत शेंकडा ७४ झटके कमी झाले. खोट्या इंजेक्शनानें २६. रोगी तें खिशांत बाळगूं शकतो, हा मोठा लाभ. परंतु हृदयाच्या रक्तवाहिन्या ज्यांच्या आधींच अरुंद झाल्या आहेत त्यांना तें देतां येत नाहीं, आणि दिवसाच्या आठ झटक्यांना आठ इंजेक्शनें घेणेंहि शक्य नाहीं. प्राणवायूला अशी मोजदाद नाहीं. मात्र त्याच्याशेजारीं विडी-सिगारेट पेटवूं नये, आणि या रोग्यांत धूम्रपान करणारे पुष्कळ असल्यामुळें ही सूचना वरकरणी दिसते तितकी अनावश्यक नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यांत मुंबई-पुण्याच्या घराघरांतून प्राणवायूचीं नळकांडीं आणि हवेंतून प्राणवायु गाळणारीं यंत्रें यांची चर्चा झाली. हीं घरगुती यंत्रें बहुधा मिनिटाला पांच, फार तर दहा लिटर वायु देतात. या कळीला बारा किंवा अधिक लागतो, शिवाय सोडलेला श्वास परत आंत न येऊं देणारा मुखवटा लागतो. म्हणून येथें नळकांडेंच बरें.

कळ उठते कोठून, याचा सुगावा १९९८ सालीं लागला. लंडन येथें नऊ रोग्यांमध्यें नायट्रोग्लिसरीन देऊन झटका उठविला आणि त्या वेळीं मेंदूचीं चित्रें घेतलीं. हायपोथॅलॅमस या बदामाएवढ्या भागाजवळ, दुखऱ्या बाजूस, हालचाल वाढलेली दिसली. झोंप, भूक, शरीराची उष्णता आणि दिवस-रात्रीचें भान हें सारें जेथून चालतें तो हा भाग. शरीराचें घड्याळच तेथें आहे. तेथून चेहऱ्याच्या तीन फाट्यांच्या संवेदक मज्जातंतूपर्यंत आणि स्लडर यांनीं दोषी ठरविलेल्या नाकामागील ग्रंथीपर्यंत दुवे जातात. डोळ्याचें पाणी व नाकाचें चोंदणें त्या ग्रंथीमार्गें घडतें. प्रत्येकानें हत्तीचा एकेक अवयव चाचपला होता असें म्हणावयास हरकत नाहीं. या शोधाच्या आधारें मिलान येथील शल्यवैद्यांनीं, कशालाहि न जुमानणाऱ्या रोग्यांच्या मेंदूंत त्या जागीं बारीक तार बसवून विजेचा सौम्य प्रवाह सोडला व २००१ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया जोखमीची असल्यानें ती थोड्यांवरच झाली आहे. २०१९ सालीं गॅल्कानेझुमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेंत मान्यता मिळाली; मधून मधून हंगाम येणाऱ्यांना त्याचा उपयोग दिसला, अखंड प्रकारावर तें उतरलें नाहीं.

रोग्यांनीं स्वतःहि शोध घेणें थांबविलें नव्हतें. हंगाम चालूं असतांना मद्याचा एक घोट झटका उठवितो आणि हंगाम संपल्यावर तोच घोट निरुपद्रवी ठरतो, हें त्यांना वैद्यांच्या आधीं ठाऊक होतें. कांहींनीं सायलोसायबिन हें द्रव्य असलेलीं मादक अळंबीं खाऊन पाहिलीं. त्यांच्या ५३ मुलाखतींवर आधारलेला एक निबंध अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांनीं हंगाम तुटल्याचें सांगितलें. बहुतेक देशांत हें द्रव्य बेकायदा आहे, आणि आपोआप संपणाऱ्या हंगामाबद्दलची जुनी शंका येथेंहि लागू पडतेच. पुढील लहान प्रयोगांतून निर्णायक उत्तर मिळालेलें नाहीं. मनुष्य एवढ्या थराला कां जातो, हें मात्र हॉर्टन यांनीं पहाऱ्याविषयीं लिहिलें आहे त्यावरून समजतें.

या रोगाबरोबर राहणें म्हणजे प्रामुख्यानें झोंपेच्या भीतीबरोबर राहणें. दमलेला मनुष्य अंथरुणाकडे पाहतो आणि डोळा लागूं नये म्हणून बसून राहतो. डोळा लागतो तेव्हां कळहि जागी होते. कचेरींत तो दुसऱ्या दिवशीं अगदीं ठीक दिसतो, म्हणून रजेचा अर्ज बहाण्यासारखा वाटतो. घरांतील माणसें पहिल्या रात्रीं घाबरतात, विसाव्या रात्रीं काय करावें तें न सुचून दाराशीं उभीं राहतात. नुसती एक वही ठेवून तींत झटक्याची तारीख, वेळ, बाजू आणि किती मिनिटें टिकला हें लिहिल्यानें जें निदान होऊं शकतें, त्यासाठीं अनेकांना वर्षानुवर्षें वणवण करावी लागली आहे. जाणत्या वैद्याला वहीचीं दोन पानें पुरतात. अशा कळीचा पहिलाच प्रसंग असेल तर मेंदूचें चित्र एकदां काढून दुसरें कांहीं नाहीं ना हें पाहून घ्यावें, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

आणि औषध सिद्ध झालें म्हणजे तें मिळतेंच असें नाहीं. प्राणवायूवर कोणाची मालकी नाहीं; त्याच्यासाठीं खटपट करण्यांत कोणा कारखानदाराला विशेष लाभ नाहीं. अमेरिकेंत वृद्ध व अपंग यांच्यासाठीं मेडिकेअर नांवाची सरकारी विमायोजना आहे. लंडनचा प्रयोग प्रसिद्ध होऊन दोन वर्षें लोटल्यावर, २०११ सालीं, तिच्या चालकांनीं ठरविलें कीं, या डोकेदुखीसाठीं घरीं प्राणवायु घेण्याचा खर्च, रोगी मान्यताप्राप्त प्रयोगांत दाखल असल्याशिवाय, द्यावयाचा नाहीं. तो निर्णय २०२१ च्या सप्टेंबरांत मागें घेण्यांत आला. हॉर्टन यांनीं आपल्या रोग्यांच्या तोंडावर मुखवटा बांधल्याला तोंवर किमान पासष्ट वर्षें होऊन गेलीं होतीं.